एकाच खुर्चीपुढे बापलेक

काम थांबवल्यापासून लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. इतकी वर्षं दुसऱ्यांची रडगाणी ऐकून कंटाळा नाही का आला? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर कंटाळा कधी आला नाही, भीती मात्र वाटायची. पहिल्या वर्षी वाटली तशीच शेवटच्या वर्षीही वाटली. ठरलेली वेळ होऊन गेली आणि दाराबाहेर चपला वाजल्या नाहीत, की मी खुर्चीतून उठून दारापर्यंत जायची. दाताच्या डॉक्टरकडे पेशंट आला नाही तर त्याला वाटतं, दाढ दुखायची थांबली असेल. माझ्याकडे कुणी आलं नाही की माझ्या मनात नको नको ते यायचं.

दाताच्या डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर आधी त्यांच्याबद्दल सांगते. नव्वदच्या दशकात मी गंगापूर रोडवर समुपदेशनाची पाटी लावली, तेव्हा नाशिकमध्ये या शब्दाचा नक्की अर्थ काय हे फारच थोड्या लोकांना माहीत होतं. पाटी वाचून एक गृहस्थ शेताच्या बांधाच्या भांडणावर सल्ला घ्यायला आले होते. ज्यांना अर्थ कळला होता, ते तर जिन्याकडे फिरकतही नव्हते. आपल्याला वेड्यात काढतील अशी धास्ती. शेवटी डॉ. साळवे नावाच्या दंतवैद्यांनी त्यांच्या दवाखान्यामागची खोली मला दिली. त्यांच्या बाकावरून उठून आत गेलं की माझी खोली. त्यामुळे घरी सांगायला सगळ्यांची सोय झाली: "दात दाखवायला चाललोय."

साळवेंना मात्र खोटं खपत नसे. त्यांचा नियम असा, की माझ्याकडे जाणाऱ्या माणसानेही आधी त्यांच्या खुर्चीत दोन मिनिटं बसून तोंड उघडायचं. "घरी दाताचं सांगून आलाय ना, मग दात बघू दे. उद्या कुणी विचारलं तर निदान खरं बोलता येईल," असं म्हणत आरसा घालून बघायचे आणि आत सोडायचे. माझ्याकडे आलेल्या अनेकांच्या किडलेल्या दाढा अशा फुकटात सापडल्या. मी त्यांना म्हणायची, "डॉक्टर, माझ्यामुळे नाशिकचे दात सुधारले."

माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. मी गोळ्या देत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. आयुष्यात काही बदललं आणि माणसाला त्या बदलाशी जमवून घेता येईना, की तो माझ्याकडे यायचा. बदल दरवेळी वाईटच असतो असं नाही. येवल्याची एक नवी सून यायची. माहेरी घरातच पैठणीचे माग, जन्मापासून त्यांच्या आवाजात झोपलेली. इथे कॉलेज रोडच्या शांत फ्लॅटमध्ये तिला झोपच लागेना, आणि सासरच्यांना वाटे, पोरीला नवरा आवडला नाही. घोटीचे एक हेडमास्तर निवृत्तीनंतर रोज प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन उभे राहायचे. मुलं नमस्कार करायची म्हणून खूश होते. मग नव्या हेडमास्तरांनी शिपायाकरवी निरोप धाडला. अशा माणसांना शहाणपणा शिकवून भागत नाही. त्यांना तो बदल एकदा तोंडाने उच्चारायला लावावा लागतो, आणि तोही घरच्या कुणापाशी.

म्हणून माझी एक रीत होती. झालेला बदल एका वाक्यात बसवायचा. वाक्याला पुढे शेपूट जोडायचं नाही, कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. ज्याला सांगायचंय तो माणूस समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसलाय असं समजून ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. मग रडू येतं. मग राग येतो. म्हणत म्हणत एक दिवस ते सरळ बोलता येतं, आणि तेव्हाच मी त्या माणसाला म्हणते, आता घरी जाऊन सांगा. वेताची एक जुनी खुर्ची होती माझ्याकडे. तिने नाशिकची किती गुपितं ऐकली असतील त्याला गणती नाही.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले त्यांच्याकडे वळते. गोष्ट दोन हजार सालानंतरची, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून माणसं कमी व्हायला लागली होती तेव्हाची. नावं अर्थातच बदलली आहेत.

निकम सोमवारी यायचे. पन्नाशीला आलेले, मूळचे सटाण्याकडचे, सिडकोत राहणारे. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरकडे गेले होते. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या तेव्हा त्या डॉक्टरांनी माझ्या नावाची चिठ्ठी दिली. पहिल्या दिवशी कंपनीच्या गणवेशात आले, हातात डबा. मला वाटलं, शिफ्ट सुटल्यावर आले असतील. बऱ्याच वेळाने खाली बघत म्हणाले, "मॅडम, कंपनी सुटली माझी. राजीनाम्यावर सही करून दिली मी. घरी माहीत नाही."

घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी गणवेश चढवून, डबा घेऊन निघायचे आणि सोमेश्वरला जाऊन बसायचे. देवळामागे गोदावरीच्या धबधब्याचे खडक आहेत ना, तिथे. दुपारी डबा खायचा, शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी परतायचं. कंपनीकडून मिळालेल्या रकमेतला थोडा भाग पगार म्हणून बायकोच्या हातावर ठेवायचा. सोबतचे कामगार सातपूरला राहणारे, त्यामुळे सिडकोत बातमी पोचली नव्हती.

आमच्या कामात एक प्रश्न सरळ विचारावा लागतो. बाहेरच्यांना वाटतं, विचारल्याने डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही, उलट माणूस सुटका झाल्यासारखा बोलतो. मी विचारलं, "निकमभाऊ, जीव द्यावासा वाटतो का?"

ते निवांत म्हणाले, "पाण्याकडे बघत बसलं की वाटतं कधी कधी."

त्याच दिवशी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. आणि माझा पहिला नियमही मी त्यांना पुन्हा नीट सांगितला. या खोलीतलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी घरच्या एका माणसाला सांगणार. तो माणूस कोण, ते आत्ताच ठरवा.

ते म्हणाले, "योगेश. माझा मुलगा. इंजिनियरिंगला आहे. घरात तोच एक शहाणा. पण वेळच येणार नाही हो तशी." मग त्यांचं बोलणं गावाकडच्या अहिराणीवर गेलं. घाबरले की ते अहिराणीत बोलत, हे मला पुढे कळलं. "मना पोऱ्याले सांगू नका, मॅडम. त्यानं मन मोडी जाई."

योगेशला सांगायचं त्यांचं वाक्य आम्ही ठरवलं: "योगेश, माझी नोकरी गेली." खुर्चीकडे बघून ते म्हणायचे, पण दरवेळी पुढे शेपूट यायचंच: "आता सगळी भिस्त तुझ्यावर." मी म्हणायची, ते नको. ते म्हणायचे, "का नको? त्याला बरं वाटेल. बापाचा विश्वास आहे म्हणून."

तेव्हा मलाही त्या शेपटाचं एवढं भय वाटलं नव्हतं. ओझं नको, एवढाच माझा विचार.

गुरुवारी एक मुलगा यायचा. एका कॉलेजात मी मुलांपुढे बोलायला गेले होते, तिथून पत्ता घेऊन आलेला. नाव राहुल सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. मुलं खोटी नावं सांगतात, मी खोदत नसे. राहुलने पहिल्या सेमिस्टरला बरेच विषय घालवले होते. नंतर त्याने कॉलेजला जाणंच सोडलं. रोज सकाळी बॅग आणि डबा घेऊन निघायचा, सायबर कॅफेत बसायचा, नाहीतर सिटी बसने नुसता इकडून तिकडे फिरायचा. घरी प्रॅक्टिकलच्या गोष्टी सांगायचा.

"पप्पांना कळलं तर ते जगणार नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "ते कंपनीत उभे राहून राहून पाय सुजवून घेतात ते माझ्यासाठी. गावाकडे सगळ्यांना सांगून बसलेत, आपला योगे... आपला मुलगा इंजिनियर होणार म्हणून."

तो मध्येच अडखळला ते मला तेव्हा ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. नाशिकमध्ये डबा घेऊन घराबाहेर पडणारी माणसं हजारोंनी.

याचंही वाक्य ठरलं: "पप्पा, मी कॉलेज सोडलंय." त्याच वेताच्या खुर्चीकडे बघत तो ते म्हणू लागला.

एक दिवस पेशंट संपल्यावर डॉ. साळवे हात पुसत माझ्या दारात आले. सहज गंमत म्हणून सांगावं तसं म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे हल्ली अख्खी घरंच यायला लागली की."

"म्हणजे?"

"सोमवारचे ते निकम आणि गुरुवारचा तो पोरगा. बापलेक आहेत ना? सुळ्यांच्या शेजारचे वरचे दोन बारीक दात असतात ना, ते दोघांनाही मुळातच आलेले नाहीत. आणि जबड्याची ठेवण तर एका साच्यातली. मी पैज लावतो."

मी हसले असेन बहुतेक, कारण ते हसत हसत परत गेले. मी दार लावून खुर्चीत बसले. त्या मुलाचं अडखळणं आता मला पुन्हा ऐकू येत होतं. एका घरातून रोज सकाळी दोन माणसं निघत होती. एक नोकरीला नाही, एक कॉलेजला नाही. आणि ती बाई पहाटे उठून दोघांचे डबे भरत होती. दोघांनाही एकच भीती, समोरच्याला कळलं तर तो जगणार नाही. आणि हे दोन्ही फक्त मला माहीत होतं.

पुस्तकात लिहिलंय, अशा वेळी दोघांपैकी एकाला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावं. पण पाठवणार काय कारण सांगून? तुमच्या घरचं कुणी माझ्याकडे येतं, असं म्हटलं की झालंच. आणि निकमांसारख्या माणसाला अर्ध्या वाटेवर सोडायची माझी छाती नव्हती. साळवेंना मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर, दातांचं हे कुणाजवळ बोलू नका." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत तो विषय कधी काढला नाही.

त्यानंतरचे आठवडे मी जपून काढले. प्रत्येक शब्द तोलून बोलायची. एकदा मुलगा रडत असताना "योगेश, पाणी घे" अगदी ओठांवर आलं होतं, ते मी खोकून गिळलं. दोघांचे वार वेगळे होते, तरी जिन्यावर पावलं वाजली की वाटायचं, आज दोघं समोरासमोर येणार. पण मुख्य भीती वेगळीच होती. दोघांपैकी आधी कोण बोलणार? बापाने ते शेपूट जोडलं, "आता सगळी भिस्त तुझ्यावर," तर ज्याने कॉलेज सोडलंय तो पोरगा जागच्या जागी मोडून पडणार. आणि ते शेपूट का नको, हे मला बापाला सांगता येत नव्हतं. सांगितलं तर पोराचं गुपित फुटलं.

सोमवारमागून सोमवार मी त्या शेपटाशी भांडले. कधी गोड बोलून, कधी रागावून. निकम हट्टी. "तुम्हाला मुलगा नाही, मॅडम, तुम्हाला नाही कळायचं," असंही एकदा म्हणाले. मला दोन मुलगे आहेत, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. शेवटी मी म्हटलं, "निकमभाऊ, समजा त्याचंही काही सांगायचं राहिलं असेल. तुमच्या वाक्यानंतर त्याला बोलायला जागा राहील का?" बोलून गेल्यावर वाटलं, फार बोलले. पण त्यांना फक्त मुद्दा पटला. पुढच्या वेळी खुर्चीकडे बघून ते म्हणाले, "योगेश, माझी नोकरी गेली." आणि थांबले.

"येत्या रविवारी सांगतो," असं म्हणून गेले.

पुढचा सोमवार आला. निकम आले नाहीत.

वेळ झाली, वेळ टळली. मी बाहेर बाकापर्यंत जाऊन आले. त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा नंबर दिला होता. मी घरी फोन करत नसे, तो माझा दुसरा नियम. तरी साळवेंना करायला लावला, दाताच्या दवाखान्यातून बोलतोय म्हणून. शेजारीण म्हणाली, "निकमभाऊ? ते तर फर्स्ट शिफ्टला गेलेत की." म्हणजे जिवंत आहेत, घरून निघाले आहेत, आणि अजून कामावरच जातात असं घरी समजतंय. म्हणजे सांगितलेलं नाही. मग आले का नाहीत? मंगळवारी परत फोन, तेच उत्तर. बुधवारी मी स्वतः सोमेश्वरला चक्कर मारून आले, ते दिसले नाहीत. रात्री जेवण जाईना. घरच्यांना काही सांगता येत नसे, माझे यजमान एवढंच म्हणाले, "एखादा अवघड पेशंट दिसतोय."

गुरुवारी मुलगा आला. वेळेच्या आधी आला आणि चेहरा असा मोकळा, की मी त्याला प्रथमच पाहतेय असं वाटलं.

"मॅडम, आधी एक सांगतो. माझं नाव राहुल नाही. योगेश निकम. आता खोटं सांगायची गरज नाही."

"काय झालं?"

"मी पप्पांना सांगितलं."

मग त्याने सगळं सांगितलं. रविवारी वडिलांनी त्याला टाकी बघायच्या निमित्ताने गच्चीवर नेलं. "योगेश, तुला एक सांगायचंय," असं म्हणून थांबले. परत म्हणाले, परत थांबले. याला वाटलं, कॉलेजमधून कळलं. याने बोलून टाकलं, "पप्पा, मी कॉलेज सोडलंय."

"मग?"

"मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं मारतात. पण डोक्यावर हात ठेवला, मॅडम. म्हणाले, एवढंच ना? तू कशाला घाबरतो, माझी नोकरी आहे ना. पुढच्या वर्षी परत फी भरू." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता. "मी उगाच घाबरत होतो. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं."

"आणि त्यांना काय सांगायचं होतं?"

"विचारलं मी. म्हणाले, काही नाही, टाकीचंच."

एवढे आठवडे मी बापाच्या वाक्याचं शेपूट कापत बसले होते. पोराच्या वाक्यावर बाप काय उत्तर देईल, हा विचारच माझ्या मनाला शिवला नव्हता. कुठलाही बाप देईल तेच त्यांनी दिलं. आणि त्या उत्तराने स्वतःची परतीची वाट बंद करून टाकली. आता पोरगा त्यांच्या नोकरीच्या आधाराने उभा होता, आणि नोकरीच नव्हती.

"घरी कसे आहेत ते?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"शांत आहेत एकदम. ओव्हरटाइम करतो म्हणतात, उशिरा येतात. आज निघताना म्हणाले, आईकडे लक्ष देत जा." मग त्याने मनगट पुढे केलं. "आणि हे मला दिलं. कंपनीने त्यांना सन्मानाचं म्हणून दिलं होतं. कधी कुणाला हात लावू देत नव्हते."

घड्याळ त्याच्या मनगटावर सैल लोंबत होतं.

आमच्या कामात काही खुणा असतात. खूप दिवस तळमळणारा माणूस एकदम शांत होतो. आवडती वस्तू देऊन टाकतो. मागे राहणाऱ्यांना एकमेकांच्या स्वाधीन करतो. तिन्ही खुणा त्या पोराने हसत हसत माझ्यापुढे मांडल्या होत्या.

निकमांनी ज्याचं नाव दिलं होतं तो माणूस माझ्यासमोर बसला होता, तोही नेमका त्या वेताच्या खुर्चीत. माझ्या खोलीत तो पहिल्यांदाच हसत होता. मी त्याच्या तोंडावरचं हसू बघितलं आणि वाटलं, पाच मिनिटं थांबावं. मग वाटलं, ही पाच मिनिटं कुणाची आहेत?

"योगेश," मी म्हटलं, "तुझ्या वडिलांची नोकरी गेली आहे."

मीही पुढे काही जोडलं नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच. ते सोमवारी येतात."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू ते खोलीतच कुठे असतील. हसू गेलं होतं, पण तो मोडून पडला नाही. खालच्या आवाजात त्याने एकच विचारलं, "मग दिवसभर कुठे असतात?"

"सोमेश्वरला. पाण्यापाशी."

तो उठलाच. साळवे एका बाईंची दाढ कोरत होते. मी दारातून म्हटलं, "डॉक्टर, गाडी काढा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंना तोंडात कापूस देऊन बसा म्हणाले आणि ॲप्रनसकट खाली उतरले. त्यांची मारुती व्हॅन सोमेश्वरपर्यंत किती वेगात गेली ते मला सांगता येणार नाही. मागच्या सीटवर योगेश घड्याळ मुठीत धरून बसला होता. मनात एकच येत होतं, की सोमवारी ते आले नाहीत तेव्हाच हे करायला हवं होतं.

नदीवरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. देवळापासूनच धबधब्याचा गडगडाट ऐकू येत होता. सभामंडपात ते नव्हते. झाडाखालच्या बाकांवर नव्हते. खडकांकडे उतरताना योगेश एकदम थांबला. एका सपाट दगडावर कंपनीचे काळे बूट ठेवले होते, जोडीने, शेजारी डबा. डब्याची कडी लावलेली.

 

"पप्पा," योगेशने हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती आम्हालाही जेमतेम ऐकू आली. तो खडकांवरून पुढे धावला, आणि मग मला कड्याच्या खालच्या अंगाला ते दिसले. अनवाणी, गुडघ्यांभोवती हात बांधून बसलेले. पाणी पायांपासून हातभर असेल. साळवे पुढे निघाले होते, त्यांना मी ॲप्रनला धरून थांबवलं. तिथे आता फक्त त्या पोरानेच जायला हवं होतं. सगळा जन्म मी माणसांना बोलतं केलं, आणि त्या वेळी माझं काम वर उभं राहून गप्प बसणं एवढंच होतं. इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

योगेश खाली उतरला आणि त्यांच्या शेजारी बसला. ते बोलले की नाही, काय बोलले, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की निकमांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही. योगेशने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. मग त्याने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि लहान मुलाला बांधावं तसं ते त्यांच्या मनगटावर बांधलं. त्यांनी हात काढून घेतला नाही. खूप वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. पोराचेही हलत होते.

वर आले तेव्हा निकम बूट घालायला वाकले आणि त्यांना मी दिसले. सगळं त्यांच्या लक्षात आलं. राग आला असता तर मला समजलं असतं, पण त्यांच्या तोंडावर दुखावलेपण होतं. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "मी तुमनावर इस्वास ठेया व्हता, मॅडम."

पहिल्याच दिवशी मी त्यांना नियम सांगितला होता, नाव त्यांनीच दिलं होतं, हे सगळं खरं. पण एका माणसाचा विश्वास होता आणि तो मी मोडला होता, हेही तितकंच खरं.

योगेश त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. गोळ्या त्यांनी मधेच सोडल्या होत्या, त्या परत सुरू झाल्या. आईला दोघांनी मिळून सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी पहाटे फक्त डबे भरले नाहीत म्हणे. तिघं घरी एका वेळी जेवले. योगेश पुढे काही महिने माझ्याकडे येत राहिला. डिप्लोमाला गेला, अंबडला कामाला लागला. वडील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जायला लागले, हे त्याच्याकडूनच कळत होतं. निकम स्वतः मात्र परत आले नाहीत. मी योगेशकडे निरोप पाठवला होता. तो म्हणाला, "तुमचं नाव काढलं की उठून जातात."

या कामात शाबासकी मिळत नाही, ती मागूही नये. तरी मला ते लागलं होतं. दुसरा काही रस्ता होता का, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारलं आणि प्रत्येक वेळी उत्तर निराळं आलं. सोमवारी त्यांच्या वेळेला मी दुसऱ्या कुणाला बरेच दिवस बोलावलं नाही. मधल्या काळात कधी सोमेश्वरच्या बाजूला कुणी बुडाल्याची बातमी पेपरात आली, की नाव वाचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. गोळ्या सुरू असल्या म्हणून धोका कायमचा टळतो असं नसतं. योगेशचं येणं थांबल्यावर तर विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी कॉलेज रोडला भाजी घेत होते. समोरून एक म्हातारे गृहस्थ येत होते, हातात पिशवी, बोटाला धरून एक लहान मुलगी. केस पूर्ण पांढरे, पण चाल तीच. निकम. मी हातातली मेथी ठेवून दिली आणि नकळत एक पाऊल पुढे टाकलं.

त्यांनी मला पाहिलं. ओळखलं, यात शंका नाही. तोंड कडू झालं. नातीचा हात घट्ट धरून त्यांनी वाहनांकडे नीट बघितलं, एक रिक्षा जाऊ दिली, मग दुसरी जाऊ दिली, आणि मला टाळून पलीकडच्या फुटपाथवर गेले.

अजून रागावलेले होते. मला फार बरं वाटलं.